हातांतला फोन आणि विद्यापीठाची वाट



विद्यापीठांतील अध्ययन आणि मोबाइल फोन या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. तो माझ्याही मनांत प्रथम आला. १९७४ सालीं मीं जुन्या अकरावीची परीक्षा दिली, म्हणजे त्या वेळच्या बोलण्यांत मी मॅट्रिक झालों. पुढें अध्यापनाची पदविका घेऊन सातवीपर्यंतच्या मुलांना शिकवीत चाळीस वर्षें काढलीं. विद्यापीठाच्या दारांतून मी आंत गेलों तो एकदांच, आणि तोही दुसऱ्याच्या कागदावर शिक्का मिळविण्यासाठीं. तेव्हां पदवीधरांपुढें उच्च शिक्षणाविषयीं प्रवचन करण्याचें धाडस मी करणार नाहीं. पण शिकविणें कशाला म्हणतात आणि शिकणें कशाला म्हणतात, हें मीं जवळून पाहिलें आहे. शिवाय आमच्या घरांत एक पदवी या फोनच्या आधारानें मिळाली, आणि तीच पदवी या फोनपायीं एक वर्ष लांबली. त्या लांबण्यांत दोष माझा होता. ती हकीकत सांगावी आणि तिच्या अनुषंगानें चार विचार आपल्यापुढें मांडावे, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

माझ्या शाळेंतील टेबलाच्या खणाला कुलूप असे. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत त्या खणांत खडू व हजेरीपट यांच्या शेजारीं आणखी एक जिन्नस येऊं लागला. घरच्या कोणाचा तरी फोन दप्तरांत लपवून आणणारीं मुलें निघालीं, आणि मी तो फोन जप्त करून खणांत टाकूं लागलों. संध्याकाळीं बाप येई, हात जोडी, आणि फोन घेऊन जाई. अशा रीतीनें फोन म्हणजे अभ्यासाचा वैरी, हें समीकरण माझ्या मनांत पक्कें झालें. निवृत्तीनंतर कुलपाची किल्ली मीं शाळेच्या स्वाधीन केली, पण मनांतला खण मात्र तसाच कुलूपबंद राहिला.

माझी सून आमच्या घरीं आली तेव्हां बारावी होऊन महाविद्यालयाचें एक वर्ष तिनें केलें होतें. लग्न, मग मूल, मग घरचें दुखणें-खुपणें, यांत पुढचें शिक्षण राहून गेलें. २०१९ सालीं तिनें एका विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत नांव घातलें. त्याच वर्षीं एका रात्रीं मी पाणी प्यावयास उठलों, तों स्वयंपाकघरांत दिवा दिसला. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेंकून माझ्या मुलाचा फोन उभा केलेला, सुनेच्या कानांत वायर, आणि समोर वही. मी जरा कठोर स्वरानें म्हटलें, “रात्रीं बारा वाजतां हें काय चाललें आहे?” तिनें कानांतली वायर काढून माझ्यापुढें धरली आणि म्हणाली, “बाबा, मागणीचा नियम चालला आहे. ऐकतां का?” मी ऐकलें. कोणी एक प्राध्यापक कांद्याचें उदाहरण देऊन मागणी व किंमत यांचा संबंध मराठींत समजावून देत होते, आणि ते माझ्यापेक्षां पुष्कळ चांगलें शिकवीत होते. मीं पाणी प्यालों आणि गुपचूप जाऊन निजलों.

त्या रात्रींपासून मी या विषयाची माहिती जमवूं लागलों. प्रथम ध्यानांत आलें तें हें कीं, घरीं राहून विद्यापीठाचें शिक्षण घेण्याची कल्पना फोनपेक्षां फार जुनी आहे. १८५८ सालीं लंडन विद्यापीठानें आपल्या पदवीपरीक्षा वर्गांत न बसलेल्या उमेदवारांसही खुल्या केल्या. आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं टपालानें शिक्षण देण्यास आरंभ केला. ब्रिटनमध्यें हॅरोल्ड विल्सन यांनीं १९६३ सालीं अशा एका विद्यापीठाची योजना मांडली कीं ज्याचे पाठ नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरून द्यावयाचे. तीच पुढें १९६९ सालीं मुक्त विद्यापीठाच्या रूपानें साकार झाली आणि १९७१ च्या आरंभीं तिचे पाठ सुरू झाले. भारतांत असें पहिलें मुक्त विद्यापीठ १९८२ सालीं हैदराबाद येथें निघालें. १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलें. आणि १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. त्याचें ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असें आहे. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरु.

आतां फोनचें पाहूं. हातांत धरून चालतां चालतां बोलतां येईल असा पहिला फोन १९७३ सालच्या एप्रिलांत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मार्टिन कूपर यांनीं वापरून दाखविला; त्याचें वजन किलोभराहून अधिक होतें. आपल्या देशांत असा पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्यें झाला. २००७ नंतर फोनला कांचेचा पडदा आला आणि २०१६ नंतर आपल्याकडे इंटरनेटचें मोल एकदम उतरलें. त्यामुळें टपाल, नभोवाणी, दूरचित्रवाणी, ग्रंथालय आणि वही हीं पांच साधनें एका हाताच्या तळव्यांत येऊन बसलीं. पूर्वीं यांतील प्रत्येकासाठीं निराळें ठिकाण आणि निराळी वेळ पाळावी लागे. आज भाकरी भाजतांना व्याख्यान ऐकतां येतें आणि बसमध्यें उभ्यानें शब्दाचा अर्थ पाहतां येतो. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रथम छापला गेला. माझ्या तरुणपणीं तो पाहावयाचा तर मला तालुक्याच्या गांवीं जावें लागे. आज शिकागो विद्यापीठानें तो इंटरनेटवर सर्वांस खुला ठेविला आहे, आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही त्याच ठिकाणीं आहे. आपल्या मराठी विश्वकोशाच्या नोंदीही फोनवर वाचावयास मिळतात. खेड्यांतल्या मॅट्रिक शिक्षकाला हें ऐश्वर्य वाटलें तर नवल नाहीं.

परंतु साधन घरीं आलें म्हणजे विद्या घरीं आली काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. तें आपल्या या नभोवाणीच्याच इतिहासांत आहे. १९५६ सालीं आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें पुणें व आसपासच्या मिळून पांच जिल्ह्यांत एक प्रयोग केला. सुमारें १५० गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापन केलीं. आठवड्यांतून दोनदां, अर्धा तास, शेती व ग्रामजीवन यांवरील कार्यक्रम लावावयाचा. मंडळींनीं तो एकत्र बसून ऐकावयाचा. मग रेडिओ बंद करून ऐकलेल्या गोष्टीची चर्चा करावयाची. आणि शंका व निर्णय केंद्राकडे लिहून पाठवावयाचे. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें त्यांचा परिणाम तपासला. जेथें श्रोतृमंडळें होतीं त्या गांवांची तुलना दोन प्रकारच्या गांवांशीं केली: जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, आणि जेथें रेडिओही नव्हता. निष्पन्न असें झालें कीं, मंडळें असलेल्या गांवांत लोकांचें ज्ञान स्पष्टपणें वाढलें. नुसता रेडिओ असलेल्या गांवांत तितकी वाढ दिसली नाहीं. १९५९ सालीं ही योजना देशभर नेण्यांत आली.

श्रोतेहो, या प्रयोगाचें मर्म माझ्या मतें एवढेंच आहे कीं, यंत्र बंद केल्यावर जी चर्चा झाली, तिनें शिकविलें. यंत्र बोलत होतें तोंपर्यंत लोक ऐकत होते. यंत्र थांबलें तेव्हां ते विचार करूं लागले. आज भारत सरकारचा ‘स्वयम्’ नांवाचा जो उपक्रम २०१७ च्या जुलैपासून चालू आहे, त्यांतील प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग कल्पिलेले आहेत: व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा आणि चर्चा. पहिले दोन भाग यंत्र पुरवूं शकतें. उरलेले दोन विद्यार्थ्यानें स्वतः उभे केले पाहिजेत. माझ्या पाहण्यांतले विद्यार्थी पहिल्या दोहोंवर थांबतात आणि अभ्यास झाला असें समजतात.

दुसरें उदाहरण दक्षिण आफ्रिकेंतलें आहे. प्रिटोरिया विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत खेड्यापाड्यांतले कित्येक शिक्षक विद्यार्थी म्हणून शिकत होते. त्यांच्यापाशीं संगणक नव्हता, टपाल दिरंगाईनें पोंचत असे. परंतु जवळजवळ प्रत्येकापाशीं साधा मोबाइल फोन होता. २००२ सालापासून विद्यापीठानें त्यांना लघुसंदेश पाठविण्यास आरंभ केला. त्यांत तत्त्वज्ञान नव्हतें कीं व्याख्यान नव्हतें. अमुक तारखेस नांवनोंदणी संपते, अमुक ठिकाणीं प्रत्यक्ष वर्ग आहे, अमुक परीक्षेचा अर्ज भरा, एवढेंच. या लहानशा सूचनेनें विद्यार्थ्यांच्या उपस्थितींत आणि प्रतिसादांत चांगला फरक पडला. घरापासून दूर असलेल्या संस्थेनें आपली आठवण ठेविली आहे, ही जाणीवही त्यांत असलीच पाहिजे, असें मला वाटतें. शाळेंतला गुरुजी रस्त्यांत भेटल्यावर “उद्यां येणार ना रे?” असें विचारतो, त्याचाच हा प्रकार.

हें उदाहरण मीं वाचलें तेव्हां मला घाम फुटला. आणि त्याचें कारण सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं.

सुनेनें प्रवेशाचा अर्ज भरला त्या वेळीं घरांत दोनच फोन होते. एक मुलाचा, तो त्याच्याबरोबर दिवसभर कामावर जाई, दुसरा माझा. तिचा स्वतःचा फोन नव्हता. म्हणून अर्जावर, घरांतील वडीलमाणसाचा म्हणून, माझा क्रमांक लिहिला गेला. त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटलें नाहीं. पुढें टाळेबंदी आली. शेजारींपाजारीं मुलें-मुली फोनवर शिकूं लागल्या. आणि माझ्या फोनवर सकाळपासून सुविचार, फुलें व देवादिकांचीं चित्रें यांचा पूर येऊं लागला. २०२१ च्या आरंभीं एकदां फोन अगदींच संथ चालूं लागला. कोणी सांगितलें कीं, आंतले जुने संदेश काढून टाका. मी दुपारीं अंगणांत बसलों. लघुसंदेशांच्या यादींत कर्ज देणारे, बक्षीस लागल्याचें कळविणारे, औषधें विकणारे, असे शेंकडों संदेश होते. मीं एकाही संदेशाकडे नीट न पाहतां सारे एकदम पुसून टाकले. फोन हलका झाला, आणि मलाही कांहीं उपयुक्त काम केल्याचें समाधान वाटलें.

त्या शेंकडों संदेशांत एक संदेश तिच्या विद्यापीठाचा होता. परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख त्यांत होती. ती तारीख उलटून गेल्यावर तिच्या एका मैत्रिणीकडून तिला ही गोष्ट समजली. तिनें चौकशी केली. संदेश धाडल्याची नोंद होती आणि क्रमांकही बरोबर होता. तिनें माझा फोन घेऊन पाहिला. यादी कोरी होती. मला वाटलें, ही आतां रागावेल. ती रागावली नाहीं. “जाऊं द्या बाबा, पुढच्या वर्षीं देईन,” एवढें म्हणून तिनें फोन माझ्यापुढें ठेविला आणि ती आंत गेली. त्या रात्रीं स्वयंपाकघरांत दिवा नव्हता. तो पुढें किती दिवस लागला नाहीं, याची मोजदाद मीं केली आहे; ती आपणांस सांगत नाहीं.

दुसऱ्यांच्या मुलांचे फोन मी खणांत घातले, आणि माझ्याच सुनेचें एक वर्ष असें स्वतःच्या खिशांत घालून बसलों. या गोष्टींतून मी जें शिकलों तें कोणत्याही अध्यापन पदविकेंत शिकविलेलें नव्हतें. विद्यापीठ जेव्हां म्हणतें कीं आमचें शिक्षण फोनवर आहे, तेव्हां प्रथम विचारावयाचें तें हें कीं, तो फोन कोणाच्या हातांत आहे? आपल्या घरांत फोन असतो, परंतु तो बहुधा प्रथम बापाचा, मग मुलाचा, आणि उरल्या वेळीं सुनेचा अथवा मुलीचा असतो. टाळेबंदीच्या काळांत एका फोनवर भाऊ व बहीण दोघांचे तास एकाच वेळीं आले, तेव्हां फोन कोणाला मिळाला, हें आपण आपल्या ओळखीच्या चार घरांत आठवून पाहा. फोन निःपक्षपाती असेल. पण घर निःपक्षपाती असेलच असें नाहीं. विद्यार्थिनीच्या अर्जावर तिचाच क्रमांक असावा, तो फोन तिच्याच हातांत असावा आणि ठराविक वेळीं तिला तो कोणीं मागूं नये, एवढी शिस्त वडीलमंडळींनीं पाळली, तर दूरशिक्षणाचें अर्धें काम झालें. त्या प्रसंगानंतर आम्हीं प्रथम तें केलें. माझ्या निवृत्तिवेतनांतून एक साधा फोन आणला आणि तो तिच्या हातांत दिला.

आतां अभ्यासाकडे वळूं. फोनच्या हातीं विद्यार्थी देतांना दोन-तीन धोके ओळखून ठेविले पाहिजेत.

पहिला धोका वाचन आणि आठवण यांच्या गफलतीचा. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. मग कांहींना तोच उतारा पुन्हां वाचावयास लाविला, आणि कांहींना उतारा बाजूस ठेवून आठवेल तें लिहावयास सांगितलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते. परंतु आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हां आठवून लिहिणारे पुढें गेले. आमच्या जुन्या शाळांत पाढे म्हणवून घेत, धडा झाल्यावर पुस्तक मिटवून प्रश्न विचारीत, त्यामागील शहाणपण हेंच. फोनचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. तो म्हणतो, आठवतां कशाला, पुन्हां पाहा कीं! फळ्यावरील आकृति वहींत काढण्याऐवजीं विद्यार्थी तिचें छायाचित्र घेतो आणि आकृति आपल्यापाशीं आली असें समजतो. ती फोनपाशीं आलेली असते. डोक्यापाशीं येण्याचा प्रवास अद्याप व्हावयाचा असतो.

दुसरा धोका व्यत्ययाचा. व्याख्यान ऐकतां ऐकतां वरून एक संदेश उतरतो, मग दुसरा. पांच मिनिटांनीं विद्यार्थी मागणीच्या नियमावरून कोणाच्या तरी लग्नाच्या चित्रांवर गेलेला असतो. पुस्तक कितीही कंटाळवाणें असलें तरी त्यांतून शेजाऱ्याची हांक येत नाहीं. यास उपाय सोपा आहे: व्याख्यान आधीं उतरवून घ्यावें, इंटरनेट बंद करावें आणि मग ऐकावें.

तिसरा धोका नवा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी नांवाचें साधन लोकांस खुलें झालें, आणि तेव्हांपासून विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तयार निबंधाच्या रूपानें मिळूं लागलें. याची कांहीं मंडळींस फार धास्ती वाटते. मला ती गोष्ट अगदीं अपरिचित वाटत नाहीं. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या उत्तीर्ण झालेल्या आहेत. तयार उत्तर कांहीं आजच अवतरलेलें नाहीं. फरक इतकाच कीं, गाइड एकच उत्तर सर्वांस देई, म्हणून चोरी सांपडे. हें साधन प्रत्येकास निराळें उत्तर देतें. पण शिक्षकाला एक जुना उपाय उपलब्ध आहे. निबंध हातांत घेऊन विद्यार्थ्यास समोर बसवावें आणि विचारावें, “हें वाक्य तूं कां लिहिलेंस?” ज्यानें समजून लिहिलें असेल तो बोलेल. ज्यानें यंत्राकडून समजावून घेऊन स्वतः लिहिलें असेल तोही बोलेल, आणि त्याचें मला वाईट वाटणार नाहीं. जो गप्प राहील, त्याला पुन्हां शिकवावें लागेल. तोंडी परीक्षा ही आपल्या देशांतील फार जुनी परीक्षा आहे. तिला या नव्या युगांत पुन्हां मान मिळेल असें मला वाटतें.

मग फोनचा सदुपयोग कसा करावा? मीं प्रत्यक्ष पाहिलेली रीत सांगतों. सुनेनें व तिच्या पांच मैत्रिणींनीं आपला एक गट केला. त्यांतली एक शेजारच्या तालुक्यांत, एक दवाखान्यांत नोकरीस, एक अंगणवाडींत. एकत्र येणें अशक्यच. त्यांनीं नियम केला कीं, दररोज रात्रीं साडेनऊला एकीनें एक प्रश्न गटांत धाडावयाचा. इतरांनीं पुस्तक न उघडतां, स्वतःच्या आवाजांत, दोन मिनिटांचें उत्तर बोलून पाठवावयाचें. सर्वांचीं उत्तरें आल्यावर मग पुस्तक उघडावयाचें आणि कोणाचें काय चुकलें हें एकमेकींस सांगावयाचें. सुविचार, चित्रें, वाढदिवस या गटांत वर्ज्य. मी हें ऐकत ओसरीवर बसे. अमेरिकेंतला प्रयोग त्यांनीं वाचलेला नव्हता, आणि १९५६ चीं श्रोतृमंडळें तर त्यांच्या जन्मापूर्वींचीं. तरी आठवून बोलणें आणि ऐकून चर्चा करणें, हीं दोन्हीं त्यांनीं आपल्या गरजेंतून शोधून काढलीं. आणखी एक लाभ असा कीं, त्या मराठींत बोलत. लिहिण्यापेक्षां बोलणें सोपें, म्हणून ज्या मुलीचें शुद्धलेखन कच्चें होतें तिचा विचार पक्का आहे, हें सर्वांस प्रथमच कळलें.

मराठीचा विषय निघाला म्हणून एक गंमत सांगतों. साध्या लघुसंदेशांत रोमन लिपीचीं १६० चिन्हें मावतात. देवनागरीचीं मात्र अवघीं ७०. शिवाय यंत्र काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हीं निरनिराळीं मोजतें. ‘शिक्षक’ हा आपला तीन अक्षरांचा शब्द यंत्राच्या हिशेबीं सहा चिन्हांचा होतो. त्यामुळें खर्च वांचविण्यासाठीं सूचना इंग्रजींत धाडण्याचा मोह संस्थांना होतो. मीं जो संदेश पुसला तोही इंग्रजींत होता, आणि जाहिरातींच्या गर्दींत तो मला जाहिरातीसारखाच दिसला. ही माझ्या चुकीची सबब नव्हे, चूक माझीच. परंतु जी सूचना चुकली असतां विद्यार्थ्याचें वर्ष जातें, ती सूचना त्याच्या भाषेंत असावी, आणि एकदां न धाडतां तीनदां धाडावी, अशी माझी सर्वच विद्यापीठांस नम्र विनंती आहे. दोन संदेशांचा खर्च एका वर्षापेक्षां नक्कीच कमी आहे.

महाविद्यालयांतील प्राध्यापकांसही एक शब्द. वर्गांत फोन सर्वस्वीं बंद ठेवावा कीं सर्वस्वीं मोकळा सोडावा, असा वाद चालतो. माझ्या अनुभवानें दोन्ही टोकें चुकीचीं आहेत. मीं कुलूप लावून पाहिलें. त्यानें मुलांना लपविण्याची कला तेवढी आली. ज्या वेळीं फोनचें काम असेल त्या वेळीं तो बाकावर उघड ठेवावयास सांगावें. काम संपतांच दप्तरांत टाकावयास सांगावें. सुतार रंधा दिवसभर हातांत धरून हिंडत नाहीं. लांकूड समोर आलें म्हणजे घेतो आणि काम झालें म्हणजे ठेवितो. हत्यार ठेवावें केव्हां, हें शिकविणें हाही शिक्षणाचाच भाग आहे.

श्रोतेहो, माझा वेळ संपत आला. हकीकतीचा शेवट सांगून आपली रजा घेतों. माझी सून २०२४ सालीं पदवीधर झाली. निकाल लागला त्या दिवशीं तिनें फोन माझ्यापुढें धरला आणि म्हणाली, “बाबा, हा संदेश पुसूं नका हं.” सगळे हंसले, मीही हंसलों, पण चष्मा काढून पुसावा लागला. तो संदेश तिच्या फोनवर आहे, आणि माझ्या आग्रहावरून तो तिनें मलाही पाठविला आहे.

आमच्या घरांत मीं मॅट्रिकपर्यंत मजल मारली आणि तिनें ती पुढें नेली. आतां ती पुढील पदवीचा अभ्यास करते. रात्रीं स्वयंपाकघरांत दिवा दिसला म्हणजे मी पाणी प्यावयास उठत नाहीं. तांब्या उशाशींच भरून ठेवितों. आपल्याही घरांत असा एखादा दिवा रात्रीं लागत असेल, तर त्याकडे संशयानें पाहण्यापूर्वीं क्षणभर थांबा, आणि कानांत काय चाललें आहे तें एकदां विचारा. कदाचित् आपणांसही मागणीचा नियम नव्यानें समजेल.